वाचकाचे पुढचे पाऊल



काही वर्षांपूर्वी निपाणीकडच्या एका खेड्यातील शाळेत चौथीच्या वर्गात तासभर बसण्याचा योग मला आला. मुलांना वाचावयास देण्यासाठी मी स्वतःच एक लहानसा उतारा लिहून नेला होता. पौष महिन्यात एक शेतकरी कापलेली तंबाखू शिवारात वाळत टाकून बाजाराला जातो, आणि दुपारी एकाएकी आभाळ भरून येते, एवढा त्यातला प्रसंग. वर्गातील हुशार म्हणून पुढे केलेल्या मुलाने तो खणखणीत वाचला. उच्चार स्वच्छ, अडखळणे नाही, स्वल्पविरामालाही यथायोग्य मान. आभाळ भरून येते तेथे मी त्याला थांबविले आणि विचारले, "आता पुढे काय होईल?" मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "पुढचं अजून वाचलं नाही, सर."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुलगी ओरडली, "तंबाखू भिजली की!" ही मुलगी वाचताना अक्षराअक्षराला ठेचकाळणारी, असे मला तिच्या शिक्षकांनी आधीच सांगून ठेवले होते. तिच्या घरी तंबाखूचे पीक होते आणि आई हंगामात वखारीत कामाला जात असे.

ह्या दोन मुलांपैकी खरे वाचन कोणी केले, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घोळत आहे, आणि तोच आज आपल्यापुढे ठेवावा असा विचार आहे.

लिहिलेला मजकूर हा कधीच संपूर्ण नसतो. लेखक चार गोष्टी सांगतो आणि दहा गोष्टी वाचकावर सोपवितो. ह्या सोपविलेल्या गोष्टी वाचक अनुमानाने भरून काढतो. अनुमान म्हटले की आपल्याकडील न्यायशास्त्राची आठवण व्हावयाचीच. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी दोहोंशी आज आपल्याला कर्तव्य आहे. मेघ दाटून आलेले पाहून पाऊस पडेल असे म्हणणे, म्हणजे कारणावरून कार्याकडे जाणे, हे 'पूर्ववत्' अनुमान. नदीला गढूळ लोंढा आलेला पाहून वर कोठेतरी पाऊस झाला असे म्हणणे, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणे, हे 'शेषवत्' अनुमान. वात्स्यायनाच्या भाष्यातील ही उदाहरणे निपाणीच्या माणसाला कोणी शिकवावयास नकोत. गावावर लख्ख ऊन पडलेले असताना यमगर्णीच्या पुलाखाली वेदगंगा तांबडी होऊन फुगते, तेव्हा भुदरगडाकडच्या घाटात पाऊस कोसळतो आहे हे त्याला कळते; आणि पश्चिमेला काळे ढग दिसले की आणखी काही काळाने नदीकाठच्या मळ्यांचे काय होणार, हेही त्याला कळते.

वाचताना ही दोन्ही अनुमाने चालतात, पण सारख्याच सहजतेने चालत नाहीत. मागे वळून पाहणारे अनुमान वाचकाला करावेच लागते. "सदूने छत्री झटकली आणि तो ओसरीवर आला" हे वाक्य वाचून बाहेर पाऊस आहे हे जर मनात आले नाही, तर वाक्याचे दोन तुकडे एकमेकांना जोडलेच जाणार नाहीत. पुढे पाहणारे अनुमान मात्र ऐच्छिक आहे. ते केले नाही तरी वाचन थांबत नाही. फार तर थोडे निर्जीव होते. आमच्या त्या हुशार मुलाचे असेच झाले होते.

पाश्चात्य मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत ह्या पुढच्या अनुमानाचा बारकाईने पाठपुरावा केला आहे. १९८६ साली गेल मॅक्कून आणि रॉजर रॅटक्लिफ ह्या दोघांनी केलेला प्रयोग ह्या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. चित्रपटाचे चित्रण चालू होण्याच्या बेतात असताना नटी चौदाव्या मजल्यावरून पडते, अशा अर्थाचे एक वाक्य वाचकांना दिले. ती मेली, असे वाक्यात कोठेही म्हटलेले नाही. आता वाचकाच्या मनाने ते आपण होऊन लिहिले की नाही? तसे लिहिले असेल, तर मरणाचा शब्द मागाहून दाखवून "हा तुम्ही वाचलात काय?" असे विचारताच तो चुकेल किंवा अडखळेल, अशी ही युक्ती. निष्पन्न झाले ते गमतीचे आहे. चौदाव्या मजल्यावरून पडल्यावर मृत्यू निश्चित, हे कोणीही सांगेल. तरीही वाचकांनी तो निष्कर्ष पक्का नोंदविलेला नव्हता. काहीतरी अनिष्ट घडले, एवढीच एक धूसर छाया त्यांच्या मनावर पडली होती. पुढे १९९३ साली कीफ आणि मॅकडॅनियल ह्यांनी असे दाखविले की वाक्य संपते त्या क्षणी पुढच्या घटनेची चाहूल मनात जागी असते, पण मजकुराने तिला आधार दिला नाही तर ती लवकरच मावळते.

म्हणजे वाचकाचे मन काटकसरी आहे. पुढे काय काय होऊ शकेल ह्याच्या सगळ्या शक्यता ते मांडीत बसत नाही. मजकूर जेथे जवळजवळ एकाच दिशेने ढकलीत असतो, आणि वाचकाला त्या दिशेची ओळख असते, तेथेच ते पाऊल पुढे टाकते. आणि तेही पुरता भार न देता.

'काहीतरी अनिष्ट' ही धूसर छाया म्हणजे काय, हे ज्याला प्रयोगशाळेत न जाता अनुभवावयाचे असेल त्याने ह्याच मातीतल्या जी. ए. कुलकर्णी ह्यांच्या कथा उघडाव्यात. १९२३ साली बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे जन्मलेला आणि पुढे धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करण्यात आयुष्य घालविलेला हा लेखक. 'निळा सावळा' ह्या १९५९ च्या संग्रहापासून त्यांच्या वाचकाला एक सवय जडली. कथेतले माणूस साधेसेच काहीतरी करीत असते, कोठे निघालेले असते, कोणाची वाट पाहत असते. आणि दोनचार परिच्छेदांतच वाचकाला कळून चुकते की हे बरे व्हावयाचे नाही. काय होणार ते सांगता येत नाही. कोणत्या बाजूने घाव येईल हेही सांगता येत नाही. पण मन सावध होते आणि सावधपणे पुढची ओळ वाचते. जी.एं.चे सामर्थ्य मला येथे दिसते: वाचकाला ते अंदाज करावयास लावतात, पण तो अंदाज कधी नेमका होऊ देत नाहीत. नेमका झाला असता तर अर्ध्यावर पुस्तक मिटले असते.

ह्याच्या उलट रीत प्रकाश नारायण संत ह्यांची. बेळगावच्या इंदिरा संत ह्यांचे हे चिरंजीव; त्यांचा 'वनवास' हा संग्रह १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यातला लंपन हा आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांपाशी सीमेवरच्या एका लहान गावात राहणारा मुलगा. सारे काही तोच सांगतो, आणि मोठ्या माणसांच्या जगातले पुष्कळसे त्याला उमगलेले नसते. आपल्याला मात्र ते उमगत असते. त्या पोराला पुढे काय सोसावे लागणार हे वाचक त्याच्याआधी चार पावले जाऊन पाहून येतो आणि परत येऊन त्याच्या निरागस वाक्याशेजारी गप्प उभा राहतो. ह्या कथा वाचताना घसा दाटतो तो मजकुरात लिहिलेल्यामुळे नव्हे. आपण मनातल्या मनात आधीच वाचलेल्यामुळे.

कथा-कादंबऱ्यांचे असो. पण पुढचे पाऊल वाचक गोष्टीतच टाकतो असे नाही. साध्या वाक्यातही टाकतो. आपल्या मराठीची ठेवण ह्या बाबतीत मोठी मजेदार आहे. "शेतकऱ्याने बैल..." एवढे कानी पडताच 'विकला' किंवा 'विकावा' अशा वळणाचे क्रियापद येणार, 'विकतो' येणार नाही, हे आपल्याला ठाऊक असते. त्या 'ने' प्रत्ययाने पुढची वाट आधीच आखून दिलेली असते. 'जर' आला की कान 'तर'ची वाट पाहू लागतात, 'जितका' आला की 'तितका'ची. आणि सगळ्यांत शेवटी, वाक्याच्या अगदी उंबरठ्यावर, आपला 'नाही' उभा असतो. होय की नाही, हे मराठी वाक्य शेवटच्या श्वासापर्यंत गुलदस्त्यात ठेवू शकते. म्हणून ऐकणाऱ्याला आधीच्या खाणाखुणांवरून अंदाज बांधावा लागतो. सरकारी पत्रे वाचण्यात ज्यांचे केस पिकले त्यांना ही विद्या चांगली अवगत असते. "आपल्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात आला" एवढे वाचून अनुभवी अर्जदार पत्राची घडी घालतो आणि खिशात टाकतो. नकार दुसऱ्या परिच्छेदात असतो, पण त्याला तो 'सहानुभूती'तच दिसलेला असतो.

आणि येथे सीमाभागातील वाचकाची खरी अडचण सुरू होते. निपाणी-चिकोडीकडच्या मराठी शेतकऱ्याला शेताचा उतारा, कराची नोटीस, पाटबंधाऱ्याचा कागद कन्नडमध्ये मिळतो. कन्नड लिपी त्याला अपरिचित असते असेही नाही. दोन्ही भाषांची वर्णमाला एकाच क्रमाने चालते, वळण तेवढे निराळे. दुकानांच्या पाट्यांवरून आणि एस.टी.च्या फलकांवरून अक्षरओळख होऊन जाते. शाळेतही मुलाला कन्नड शिकविलेले असते. तरी कागद हाती आला की तो बोट ठेवून एकेक अक्षर जुळवितो, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचतो तेव्हा आरंभ विसरलेला असतो. मनात एका वेळी मजकूर मावतो तो फार थोडा. तो सारा जर अक्षरे जुळविण्यातच खर्ची पडला, तर पुढचा अंदाज बांधावयास शिल्लक काय राहणार? अंदाज नाही म्हणून वेग नाही, आणि वेग नाही म्हणून अंदाज नाही. मग तो कागद घेऊन कोणा जाणत्याकडे जातो आणि "ह्यात काय लिहिलंय?" म्हणून विचारतो. त्या जाणत्याने सांगितले ते खरे. एका अंगठ्याची किंवा सहीची किंमत कधीकधी अर्धा एकर जमीन असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ मानसशास्त्राचा राहत नाही.

वस्तुतः कन्नड वाक्य मराठी कानाला परके वाटू नये. तेथेही क्रियापद शेवटी येते. तेथेही नकाराचा 'इल्ल' शेवटीच येऊन उभा राहतो. मराठी वाचकाची अर्धी तयारी घरचीच असते. पण खाणाखुणा निराळ्या असतात. 'रैतनु' म्हणजे शेतकरी. तो काल काम करून गेला असो की आज करीत असो, 'रैतनु माडिदनु' काय आणि 'रैतनु माडुत्ताने' काय, कर्त्याचे रूप तेच. आपल्या 'ने'ने जी वर्दी आधी दिली असती ती तेथे मिळत नाही, थांबावे लागते. ह्याच्या जोडीला ओळखीचे चेहरे घेऊन येणारे शब्द. मराठीत 'अवांतर' म्हणजे मुख्य विषयाबाहेरचे. कन्नडमध्ये 'अवांतर' म्हणजे घोटाळा, अनर्थ. सभागृहाबाहेर 'उपन्यास' अशी पाटी पाहून हिंदी शिकलेल्या मुलाला कादंबरी आठवते. कन्नडमध्ये ते व्याख्यान असते, आणि कादंबरीला मात्र कन्नडातही आपल्याप्रमाणे कादंबरीच म्हणतात. अशा शब्दावर टाकलेले पुढचे पाऊल नेमके खड्ड्यात पडते.

ह्याच मालिकेत आपल्या विषयाचाच शब्द येतो. मराठीत 'अनुमान' म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या तोंडी 'अनुमान' म्हणजे शंका, संशय. बेळगावच्या बाजारात हे दोन्ही अर्थ एकाच रस्त्याने हिंडतात. मला तर वाटते की चांगल्या वाचकाने हे दोन्ही अर्थ जवळ बाळगावेत. पुढचा अंदाज बांधावा तो मराठी अनुमानाने, आणि बांधल्यावर त्याच्याकडे पाहावे ते कन्नड अनुमानाने.

कारण अंदाज फार पक्का झाला की तो डोळ्यांवर पट्टी बांधतो. १९८१ साली एर्लिक आणि रेनर ह्यांनी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. जो शब्द संदर्भावरून सहज अपेक्षित असतो त्यावर नजर पुष्कळदा ठरतच नाही, त्याला ओलांडून पुढे जाते. आणि त्या शब्दात मुद्दाम घातलेली अक्षराची चूकही वाचकांच्या ध्यानात येत नाही. छापखान्यातील मुद्रितशोधकाला हे निराळे सांगावयास नको. मजकूर जितका ओळखीचा तितकी चूक निसटण्याची भीती अधिक. म्हणून जुने मुद्रितशोधक अर्थाकडे पाठ फिरवून नुसती अक्षरे वाचावयास शिकतात.

आपण वर्तमानपत्राचे वाचकही ह्याला अपवाद नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून ह्या भागाने सीमाप्रश्नावरील किती बातम्या वाचल्या असतील! १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. इतक्या वर्षांनंतर मथळ्यात 'सीमाप्रश्न' हा शब्द दिसला की बातमीचा शेवट वाचकाने आधीच मनात छापलेला असतो. मराठी वाचकाचा छापील शेवट एक, कन्नड वाचकाचा दुसरा; आणि बातमीत तिसरेच काही लिहिलेले असले तर ते दोघांच्याही नजरेतून सुटते. मी स्वतः ह्या दोषातून मुक्त आहे असे म्हणण्याचे धाडस करणार नाही.

मग मुलांना हे पुढचे पाऊल शिकवावे कसे? त्या मागच्या रांगेतील मुलीने माझी अर्धी वाट आधीच दाखवून दिली होती. अमेरिकेत १९८८ साली डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली ह्यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची पण खेळात पक्की असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. बेसबॉलच्या जागी तंबाखू घातली की आमचा चौथीचा वर्ग झाला. ज्याला हंगामातल्या ढगाचा अर्थ ठाऊक आहे त्यालाच तो ढग कागदावरही दिसतो. म्हणून प्रारंभीच्या वाचनात मुलाच्या भोवतालचे जग असणे ही चैन नव्हे. त्याला ऊस, तंबाखू, नदीचा बंधारा, आठवड्याचा बाजार ह्यांवरचे चार उतारे आधी द्यावेत. दूरच्या गोष्टी मागाहून याव्यात.

दुसरे असे की वाचताना मध्येच थांबावे. १९५३ साली विल्सन टेलर ह्या अमेरिकन संशोधकाने मजकुरातील ठराविक अंतरावरचे शब्द गाळून ते वाचकाकडून भरून घेण्याची रीत काढली. मराठीत मी ती थोडी बदलून वापरतो. वाक्याचे शेवटचे क्रियापद झाकून ठेवावयाचे आणि "आता काय येईल?" असे विचारावयाचे. कन्नड शिकविताना तर हा खेळ फार उपयोगी पडतो, परंतु त्याआधी मुलाने कन्नड गोष्टी पुष्कळ ऐकलेल्या असाव्यात. कानाला जे वळण पडलेले नाही त्याचा अंदाज डोळ्याने कसा करावा? अंदाज चुकला की मुलाला रागावू नये. तो कोठल्या शब्दामुळे चुकला, तेवढे त्याच्याकडून शोधून घ्यावे. परीक्षेला हे सारे गैरसोयीचे आहे, हे मला मान्य आहे. चुकीच्या अंदाजाला गुण कसे द्यावयाचे, हे अद्याप कोणत्याही गुणपत्रकात बसलेले नाही.

त्या दिवशी वर्गात माझा उतारा अर्धा राहिला होता. त्या मुलीला मी पुढे बोलाविले आणि उरलेले तिलाच वाचावयास दिले. ती अडखळत, पण अतिशय उत्सुकतेने वाचू लागली. मी लिहिले होते ते असे, की शेतकरी बाजार टाकून धावत शिवारात येतो, आणि तोवर वारा सुटून आभाळ मोकळे झालेले असते. तंबाखू कोरडीच राहते. ती शेवटच्या ओळीला पोहोचली, ती ओळ तिने पुन्हा एकदा वाचली, आणि कागद माझ्या हाती देत थोड्या घुश्श्यातच म्हणाली, "मग आभाळ कशाला भरून आणलंसा, सर?"